श्रवणभक्ती

लोक विलायतेला जाऊन राजवाडे बघून येतात. मी रेडिओ ऐकून आलो. दोष माझा नाही, पावसाचा आहे. ताईकडे रेडिंगला ऑक्टोबरात पंधरा दिवस राहिलो होतो (बँकेची प्रवाससवलत तिथवर पोचत नाही, तिकीट ताईचंच). एका शुक्रवारी ताई आणि भाऊजी कामावर गेले, बाहेर पावसाने ठाण मांडलं आणि मी स्वयंपाकघरातल्या रेडिओपुढे बसलो. ताई जाताना एवढंच म्हणाली, "फ्रीजमधलं काय हवं ते खा, पण स्टेशन हलवू नकोस हं!"

स्टेशन म्हणजे बीबीसीचं रेडिओ फोर. या नावाने ते १९६७ साली सुरू झालं. गाणी जवळजवळ नाहीतच. पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत नुसतं बोलणं! आमच्या घरी आकाशवाणीवर भाषण लागलं की आवाज बारीक आणि गाणं लागलं की मोठा, असा शिरस्ता होता. त्या हिशेबाने ताईचा रेडिओ जन्मभर बारीकच राहायला हवा.

सकाळी 'टुडे' नावाच्या कार्यक्रमात एका मंत्र्याला मुलाखतकाराने असा कोपऱ्यात गाठला, की आमचे ऑडिटरसुद्धा इतके निर्दय नसतात. मग कुठल्याशा युद्धाची बातमी. पावणेआठच्या सुमाराला एका धर्मोपदेशकाचे तीन मिनिटं चार शब्द, आणि लगेच पुन्हा राजकारण. नंतर बायकांचा 'वुमन्स आवर'. १९४६ साली तो सुरू झाला तेव्हा निवेदक पुरुष होता म्हणे! तीन वाजता बागाईतवाल्यांचे प्रश्न. संध्याकाळी सहाला बिग बेनचे टोले आणि त्यांच्यामागून जगातली दुःखं. साडेसहाला हसाहशी. सातला 'द आर्चर्स', म्हणजे अँब्रिज नावाच्या काल्पनिक खेड्याची मालिका. १९५१ पासून चालू आहे. युद्धानंतर शेतकऱ्यांनी जास्त पिकवावं म्हणून तिच्यातून शेतीचे धडे देत. आता धडे संपले, भानगडी उरल्या.

एवढं सगळं मी ऐकलं. युद्ध टोस्टबरोबर, एका बाईची कर्मकहाणी वरणभाताबरोबर, गुलाब चहाबरोबर. रात्री ताईने विचारलं, "काय म्हणतंय जग?" आणि मला आठवले फक्त कोणाच्या तरी गुलाबावरचे काळे ठिपके. युद्ध कुठलं, ते सांगता येईना. भाऊजी हसले. मीही हसलो. पण पुढे झोप लागेना.

त्याला कारण आहे. आमच्या काउंटरवर पेन्शनीचे एक आजोबा येतात. पासबुक सरकवताना दर महिन्याला एक वाक्य बोलायची त्यांची पद्धत. "मुलगा दिवाळीला येतोय." मी नोटा मोजता मोजता म्हणायचो, "वा, वा." "मुलाने तिकडे घर घेतलं." "वा, वा." गेल्या जूनमध्ये ते म्हणाले, "मुलगा गेला हो."

मी शिक्का मारत म्हणालो, "वा! पोचला ना नीट?"

आजोबा क्षणभर थांबले. म्हणाले, "हो. पोचला." पासबुक पिशवीत घातलं आणि गेले. दुपारी डबा खाताना शेजारच्या काउंटरवाल्याने मला खरं काय ते सांगितलं. त्या दिवशीची माझी कॅश मात्र पैशापर्यंत जुळली.

तुम्ही म्हणाल, अहो, नोटा मोजणाऱ्याने गोष्टी ऐकत बसायचं का? पाचशेची एक नोट जास्त गेली तर खिशातून भरायची कोणी? मीही स्वतःला महिनोन्महिने हेच सांगत आलो. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं खरं, पण त्या भक्तांच्या मागे रांग नसायची. आणि कानाला पापणीही नाही. पडेल ते सगळं मनावर घ्यायचं म्हटलं, तर माणसाला संध्याकाळपर्यंत वेड लागेल. टोस्ट खाताना युद्ध ऐकणाऱ्या लाखो लोकांना पापी ठरवायची माझी तयारी नाही.

पण त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या एक फरक ध्यानात आला. रेडिओ "ऐकताय ना?" म्हणून पोच मागत नाही. मी दिली होती. "वा, वा" ही पोचपावतीच की! रक्कम न मोजता, न घेता पावती फाडणं याला बँकेत काय म्हणतात आणि त्याबद्दल काय होतं, ते मला बी.कॉम. नसतो तरी कळलं असतं.

खाली येऊन रेडिओ हळूच लावला. पाऊण वाजून गेला होता. समुद्रावरच्या हवामानाचा अंदाज चालू होता. एकतीस सागरी विभागांची नावं, वारा, पाऊस, दृष्टिपथ, सगळं एका संथ आवाजात. १८५९ साली 'रॉयल चार्टर' हे जहाज वादळात फुटून साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर फिट्झरॉय नावाच्या अधिकाऱ्याने १८६१ पासून बंदरांना तारेने वादळाचे इशारे धाडायला सुरुवात केली, त्यातून हे वाढत आलं. यादीत आज त्याच्याही नावाचा विभाग आहे. 'फोर्टीज' नावाचाही एक आहे. मीही फोर्टीजमध्येच, म्हणून कान टवकारले. आपल्याकडे 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' हे ऐकून आम्ही डोंबिवलीकर आज्ञाधारकपणे समुद्रात जात नाही, तसंच इथेही ऐकणारे बहुतेक गादीवरच असणार. पण वाचणारा घाई करत नव्हता. कुठल्या तरी होडीवर कोणीतरी हे टिपून घेत असेल, अशा बेताने एकेक नाव सोडत होता.

नोव्हेंबरात आजोबा हयातीच्या दाखल्यासाठी आले. फॉर्म पुढे ओढला आणि पेन खाली ठेवलं. "आजोबा, जूनमध्ये मी नीट ऐकलं नव्हतं. मुलाचं काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग काचेवर हात टेकून बोलायला लागले. मुलाच्या शाळेपासून सुरुवात केली. तो पाचवीत असताना रांगेतून हूं हूं ऐकू यायला लागलं. तो इंजिनिअर झाला तेव्हा मागून एक बाई ओरडल्या, "अहो, इथे गप्पा मारायचा पगार मिळतो का? मी गॅसवर दूध ठेवून आलेय!"

बाईंचंही खरंच होतं. मी त्यांना म्हणालो, "हो, ऐकलं," आणि आजोबांना म्हणालो, "पुढे?"