मिठाला जागणे

माझी भाची डॉक्टरेटसाठी अमेरिकेला गेली आणि जाऊन पोहोचली ती एका बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीत! साउथ डकोटा राज्यातील या होमस्टेक खाणीत आता प्रयोगशाळा आहे. जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर दहा टन झेनॉन द्रवरूपात थंड राखून ठेवला आहे. आकाशगंगा ज्या वेगाने फिरतात तो पाहता दिसणाऱ्या ताऱ्यांचे वस्तुमान त्यांना बांधून ठेवायला पुरे पडत नाही. म्हणून न दिसणारा असा काही कृष्ण पदार्थ असला पाहिजे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्याचा एखादा कण झेनॉनच्या अणूवर आदळलाच, तर क्षणभर जो अंधुक प्रकाश चमकेल तो टिपायचा, यासाठी हा सारा खटाटोप. २०२४ साली २८० दिवसांच्या नोंदींचा निष्कर्ष जाहीर झाला. कृष्ण पदार्थाची खूण सापडली नव्हती.

गेल्या दिवाळीत ती घरी आली. फराळ करताना माझ्या बहिणीने विचारले, "अगं, पाच वर्षं झाली. सापडलं का काही?"

"नाही."

"मग पदवी कशाची देणार तुला?"

सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. प्रश्न साधा असला तरी खोटा नव्हता. जे कदाचित कधीच सापडणार नाही, त्याच्या शोधात पंचविशीतल्या मुलांना उमेदीची वर्षे घालवायला लावणे न्यायाचे आहे काय? त्यांना शिकवले तरी काय जाते?

रात्री मी भाचीला तेच विचारले. ती म्हणाली, "मामा, आम्हाला मीठ टाकतात."

पूर्वी खाण विकताना लबाड माणसे मातीत थोडे सोने पेरून ठेवीत आणि गिऱ्हाइकाला गंडवीत. इंग्रजीत त्याला मीठ टाकणे म्हणत. या प्रयोगात नोंदींमध्ये मुद्दाम काही बनावट खुणा मिसळतात. त्या कोणत्या, हे विश्लेषण करणाऱ्यांना ते संपेपर्यंत कळत नाही. हवी तशी खूण दिसली तरी हुरळून जाता येत नाही आणि नको असलेली खूण पुसूनही टाकता येत नाही. ठगांची युक्ती शास्त्रज्ञांनी स्वतःला प्रामाणिक ठेवण्यासाठी वापरली!

ते ऐकून मला माझा एक जुना विद्यार्थी आठवला. मी महाविद्यालयात तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. साध्या लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९८० च्या आसपास यायला हवे, हे मुलांना आधीच ठाऊक असे. मग निरीक्षणे त्या मापाने शिवली जात. एका मुलाने ९४१ लिहिले. मी त्याला वीसपैकी अकरा गुण दिले आणि वर्गात दोन शब्द सुनावलेही. पुढे एकदा सहज ते घड्याळ पडताळून पाहिले, तर ते मिनिटाला सेकंदाहून अधिक पुढे धावत होते. त्या घड्याळावर ९४१ च यायला हवे होते! त्या वर्षी तेच घड्याळ वापरणाऱ्या बाकीच्या सर्वांना ९८० कसे मिळाले, हे मी कधी विचारले नव्हते. तो मुलगा पुढे विज्ञानात राहिला नाही. ते माझ्यामुळेच, असे म्हणण्याइतका मी मोठा नाही. पण माझा त्यात काहीच वाटा नव्हता, असेही मला म्हणवत नाही.

होमस्टेकच्याच खाणीत रेमंड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात सूर्यापासून येणारे न्यूट्रिनो मोजायला सुरुवात केली. ते अपेक्षेच्या सुमारे एक तृतीयांशच भरत. उपकरण चुकते आहे, असे अनेकांना वाटले. डेव्हिस यांनी उपकरण पुन्हा पुन्हा तपासले, पण आकडा वाकवला नाही. वाटेत न्यूट्रिनो आपला प्रकार बदलतात, हे पुढे कळले आणि २००२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे ९४१ कोणी तीस वर्षे खोडले नाही, एवढेच त्यांचे भाग्य.

उपकरणे घडवायला शिकलेली ही मुले पुढे क्वांटम तंत्रज्ञानाकडेही वळतात. सिअ‍ॅटलच्या प्रयोगात कृष्ण पदार्थाचा क्षीण संदेश ज्या जातीच्या अतिसंवाहक प्रवर्धकाने टिपू पाहतात, त्याच जातीचे प्रवर्धक क्वांटम संगणक वाचायलाही लागतात. तेव्हा पोटापाण्याचे उत्तर बहिणीला देता येईल. पण मला ते पुरेसे वाटत नाही. आपल्याला जे हवे आहे त्याच्या विरुद्ध साक्ष देण्याची सवय ही मुले शिकतात. मात्र हाती शून्य येऊ शकते, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. ते न सांगता त्यांची वर्षे घेणे ही फसवणूकच होय.

हल्ली एखादा तरुण प्राध्यापक भेटला, की मी त्याला सुचवतो: प्रयोगशाळेत एक घड्याळ मुद्दाम बिघडवून ठेवा, आणि तसे एक आहे, एवढे वर्गाला आधी सांगा. मग ९४१ लिहिणाऱ्याला बोलावून त्याची वही नीट वाचा.