न्यास आणि संन्यास : चिंतामणराव देशमुखांच्या राजीनाम्याचा नैतिक अर्थ

धर्मशास्त्रात ‘न्यास’ म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने स्वाधीन केलेली ठेव, तर ‘संन्यास’ म्हणजे जे हाती आहे त्याचा त्याग. हे दोन्ही शब्द ‘नि’ उपसर्ग लागलेल्या ‘अस्’ या एकाच धातूपासून सिद्ध झाले असून त्याचा अर्थ खाली ठेवणे असा आहे. मनुस्मृतीने व्यवहारपदे, म्हणजे न्यायसभेपुढे येणाऱ्या वादांचे प्रकार, अठरा मानली आहेत आणि त्यांत ऋणादानानंतर लगेच निक्षेपाला, म्हणजे ठेवीला, स्थान दिले आहे. ठेव सांभाळणे हा जर एवढा मोठा धर्म, तर ठेवीसारखे सोपवलेले पद मध्येच खाली ठेवणे हाही धर्म कधी ठरू शकतो काय, हा प्रश्न चिंतामणराव देशमुख यांच्या चरित्रातून अटळपणे उभा राहतो.

1896 साली महाडजवळील नाते येथे जन्मलेले देशमुख 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, 1944 च्या ब्रेटन वुड्स परिषदेत त्यांनी भारताची बाजू मांडली आणि 1949 च्या आरंभी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा तिची सूत्रे त्यांच्याच हाती होती. 1950 मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले, 1952 मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले आणि राज्यपुनर्रचनेत मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याच्या निर्णयाला व तेथील आंदोलकांवरील पोलिसांच्या गोळीबाराला विरोध म्हणून जुलै 1956 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले.

या घटनेकडे केवळ कोकणाच्या किंवा मुंबईच्या दृष्टीने पाहणे अपुरे आहे. मनमाड–हैदराबाद लोहमार्गावरील लासूर स्टेशन हे गंगापूर तालुक्यातील बाजाराचे गाव त्या वेळी हैदराबाद राज्यात होते आणि मराठवाड्याचे भवितव्यही त्याच राज्यपुनर्रचनेत ठरत होते. शेतमाल आडतीवर यावा आणि त्याची रक्कम जुन्या कर्जात वळती व्हावी, ही अशा बाजारपेठांची चिरपरिचित व्यथा होती. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या गोरवाला समितीच्या 1954 मधील अहवालातून असे दिसले की शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे 3 टक्के, व्यापारी बँकांचा 1 टक्क्याहूनही कमी आणि फार मोठा वाटा सावकार व व्यापाऱ्यांचा होता. त्या समितीच्या शिफारशीतून 1 जुलै 1955 रोजी स्टेट बँक स्थापन झाली, तेव्हा अर्थखाते देशमुखांकडे होते. म्हणजे त्यांनी जे पद सोडले, त्याच्याशी ग्रामीण पतपुरवठ्याचे नुकतेच सुरू झालेले कार्य बांधलेले होते.

येथेच खरी नैतिक अडचण आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत : नियत कर्म मोहाने सोडणे हा तामस त्याग, कष्टाच्या भयाने सोडणे हा राजस, आणि कर्म करीत राहून त्याची आसक्ती व फळ यांचा त्याग करणे हा सात्त्विक. या कसोटीवर, अपुरे कार्य मागे ठेवून पद सोडणारा मंत्री दोषी ठरतो, असा आक्षेप घेता येतो, आणि तो हलका नाही.

परंतु या आक्षेपात पद आणि कर्म एकच मानले गेले आहे. संसदीय पद्धतीत सामूहिक जबाबदारी, म्हणजे मंत्रिमंडळाचा प्रत्येक निर्णय प्रत्येक मंत्र्याचा मानला जाण्याचा दंडक, असते; म्हणून अमान्य निर्णयानंतरही पदावर राहणारा मंत्री मौनाने त्याला संमती देत असतो. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाशी विचारविनिमय न करता घेतला गेला, असा देशमुखांचा आक्षेप होता आणि पंतप्रधान नेहरूंना तो मान्य नव्हता. तो वाद बाजूला ठेवला तरी, स्वतःला असत्य वाटणाऱ्या गोष्टीला संमती देत राहणे हे कोणाचेही नियत कर्म असू शकत नाही, एवढे निश्चित. ठेव तारण ठेवून स्वतःचा मान वाढवणारा विश्वस्त जसा अपराधी, तसाच पद टिकवण्यासाठी विवेक गहाण टाकणारा लोकप्रतिनिधीही अपराधी होय.

त्याग सात्त्विक होता की नाही, याची साक्ष पुढचे आयुष्य देते. देशमुख कर्मापासून दूर गेले नाहीत. त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद 1961 पर्यंत सांभाळले, त्यानंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवले आणि संस्कृतची उपासनाही सोडली नाही. त्यांनी पद सोडले, सेवा सोडली नाही.

म्हणून न्यास आणि संन्यास यांत विरोध नाही, असाच निर्णय द्यावा लागतो : जो ठेव केव्हाही निर्मळ हातांनी परत करू शकतो, तोच ती सांभाळण्यास पात्र असतो. दिल्लीतील अर्थमंत्र्याला लागू असलेला हा नियम लासूर स्टेशनच्या बाजार समितीच्या संचालकाला आणि गावोगावच्या पतसंस्थेच्या अध्यक्षालाही तितकाच लागू आहे, आणि लोकांची ठेव हाती घेणाऱ्या प्रत्येकाने तो पद स्वीकारण्यापूर्वीच मनाशी पक्का केला पाहिजे.