वसुबारसेचा गोऱ्हा

वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक गवळी गाय-वासरू घेऊन उभा राहतो. बायका ताम्हण घेऊन खाली उतरतात, गाईच्या पायावर पाणी घालतात, वासराच्या कपाळाला कुंकू टेकवतात. उपास करणाऱ्या त्या दिवशी दूधदुभतं खात नाहीत. आजच्या दिवस दूध वासराचं, असं आजी सांगायची. दोन वर्षांपूर्वी मी सहज विचारलं, ‘‘कालवड की गोऱ्हा?’’ गवळी हसला. ‘‘कालवडच की. गोऱ्हा कोण ठेवतंय आता?’’

मांसाहार की शाकाहार, या वादात मी जन्माने एका बाजूचा. घरात कधी अंडंही आलं नाही. आपल्या ताटासाठी कुणाचा जीव जात नाही, हे मला शिकवावं लागलं नव्हतं. ते घरच्या हवेतच होतं. गवळ्याच्या त्या एका वाक्याने ते समाधान गेलं.

हिशेब अगदी साधा आहे. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि दूध चालू राहायचं तर तिला पुन्हा गाभण राहावं लागतं. होणाऱ्या वासरांत निम्मे गोऱ्हे. पूर्वी गोऱ्हा झाला तर घर खूश व्हायचं. खिलार, डांगी या जाती तर बैलांसाठीच नावाजलेल्या. पुढे 1970 साली दुधाच्या महापुराची योजना सुरू झाली, जर्सी आणि होल्स्टिनचे संकर गोठ्यांत आले. संकरित गोऱ्ह्याला धड वशिंड नाही, ऊन सोसत नाही, आणि नांगराला तोवर ट्रॅक्टर लागलेला. म्हणजे वाढत्या दुधाबरोबर नको असलेला एक जीवही वाढत गेला. आता कालवडच व्हावी म्हणून निवडलेल्या रेतमात्रा मिळतात. पण प्रत्येक गोठ्याला त्या परवडतात असं नाही.

संगमनेरकडच्या एका गोठ्यात मी असा गोऱ्हा पाहिला. चार दिवसांचा, काळा-पांढरा, पाय अजून लटपटणारे. कडेच्या खुंट्याला आखूड दाव्याने बांधलेला. तिथून त्याला आई दिसत होती, पोचता येत नव्हतं. तिच्या सडांना यंत्र लावलेलं. मी बघतोय हे पाहून मालकीणबाई म्हणाल्या, ‘‘त्यालाच पाजत बसले तर डेअरीला काय घालू? आणि सरकी-पेंडीचा भाव बघितला का?’’ त्यांच्या आवाजात निष्ठुरपणा नव्हता, उधारी होती. आत गेल्यावर त्यांनी खरवसाची वडी पुढे केली. गूळ, वेलदोडा, वर किसलेलं जायफळ. चीक कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती.

ही अडचण गांधींनी फार आधी ओळखली होती. गवळी गाई-म्हशींचा कसा छळ करतात ते वाचून, आणि ब्रह्मचर्याच्या विचारानेही, त्यांनी 1912 साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. पुढे 1919च्या सुमारास मुंबईत आजाराने खंगले असताना डॉक्टर दुधाचा आग्रह धरत होते. कस्तुरबांनी वाट काढली: व्रत गाई-म्हशींच्या दुधाचं, मग शेळीचं घ्यायला काय हरकत? गांधींनी ते घेतलं. पण ‘सत्याचे प्रयोग’मध्ये त्यांनी स्वतःला सोडलेलं नाही. व्रताची अक्षरं पाळली, आत्मा गमावला, अशीच ती कबुली आहे. आपण शाकाहारी इतकी चौकशी कधी करत नाही. अक्षरावरच आपलं भागतं.

कायद्यानेही अक्षरच धरलं. महाराष्ट्रात 1976च्या कायद्याने गोहत्येला बंदी होती. मार्च 2015पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हातारा बैल विकून नवा घ्यायचा, हा शेतकऱ्याचा जुना व्यवहार त्याने तुटला. 30 सप्टेंबर 2024 रोजी देशी गाय ‘राज्यमाता-गोमाता’ ठरली आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी गाईमागे रोज 50 रुपये अनुदान जाहीर झालं. संगमनेरचा तो गोऱ्हा संकरित. त्याला मारायचं नाही, एवढंच ठरलं आहे. त्याला जन्मभर पोसायचं कुणी, ते ठरलेलं नाही. दया आमची आणि बिल त्या बाईचं, असा हा प्रकार.

याचा अर्थ मांसाहार निर्दोष असा मी काढत नाही. माळरानावर बोरी-बाभळी ओरबाडून वाढलेली शेळी माणसाच्या तोंडचा घास घेत नाही, आणि भूमिहीन बाईची ती बँक असते. पण शेडमधली ब्रॉयलर मका आणि सोयाबीन खाते, पाच-सहा आठवड्यांत कापायला तयार होते. पाय पेलणार नाहीत अशा वेगाने वाढते. ‘आमच्यात पूर्वापार खातात’ हे उत्तर त्या शेडपाशी पुरत नाही. पूर्वापार परड्यातलं कोंबडं सणाला किंवा पाहुण्याला कापलं जायचं. रविवारची दोन किलो ब्रॉयलर कुठल्याच परंपरेत नव्हती.

आपल्याकडे हा वाद नीट होत नाही, कारण दयेत सोवळं मिसळलेलं आहे. हॉटेलच्या पाटीवरचा ‘शुद्ध’ हा शब्द कोंबडीच्या वेदनेबद्दल काहीच सांगत नाही. आत कोण बसत नाही, एवढं सांगतो. भाड्याचं घर दाखवताना ‘नॉनव्हेज चालणार नाही’ म्हणतात तेव्हा बहुधा आडनावच विचारायचं असतं. शाहू पाटोळ्यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद आहे. गावाने मेलेलं ढोर ज्यांच्या माथी मारलं, त्यांनाच ते खातात म्हणून गावाने वाळीत टाकलं. अशा गावाने दयेचा धडा द्यायचा तर आधी पुष्कळ ऐकून घ्यावं लागेल.

तरी या मातीत दुसराही शाकाहार आहे. माळकऱ्याचा. त्याला जातीची अट नाही. ज्या घरात आखाडाचं मटण शिजतं, त्याच घरातला एखादा आजोबा तुळशीची माळ घालतो आणि त्या दिवसापासून मटण सोडतो. त्याचं पातेलं वेगळं होतं, पंगत तीच राहते. नातवंडांच्या ताटात तो वाकून बघत नाही. माळ आपल्या गळ्यात असते, दुसऱ्याच्या नाही. मला पटणारी आहाराची नीती एवढीच आहे: व्रत स्वतःचं, आणि त्याचा खर्चही स्वतःचा. ज्याला गोऱ्हा जगावा असं वाटतं, त्याने दुधाला त्या गोऱ्ह्याच्या चाऱ्यासकट भाव द्यावा, नाहीतर दूध सोडावं. दोन्ही जमत नसेल तर निदान शेजारच्या खिडकीतून येणाऱ्या वासाला नाक मुरडू नये.

मी चहा बिनदुधाचा केला. पुरणपोळीवरचं तूप सुटलेलं नाही. परवा शेजारून खरवस आला. झाकलेली ताटली अर्धा तास ओट्यावर तशीच होती. मग मी तो खाल्ला. गोड होता.




या वसुबारसेला गवळी आला की त्याला विचारणार आहे, गोऱ्हा ठेवायचा तर महिन्याला किती लागतील. आकडा ऐकून मी काय करतो, ते मलाही बघायचं आहे.