ओळख पटल्याशिवाय औषध नाही

बसा. वह्या मिटा आणि लक्ष इकडे द्या.

साठवणुकीतल्या किडींचे नमुने घरून आणायला सांगितले होते. बाटल्या आल्या, आणि जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर एकच मजकूर: ‘धान्यातील किडे’. कुठल्या धान्यातले? धान्य नवं की जुनं? पोत्यातलं की डब्यातलं? अळी होती, कोष होता, की नुसते प्रौढ? दाण्याला भोक होतं का, आणि असेल तर कसं? यातलं एकही अक्षर नाही. कीटकशास्त्राचा पेपर पास होऊन तिसऱ्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्यांचं हे काम आहे. तुमच्या घरातली आजी याहून जास्त सांगते. गव्हात सोंडे झालेत, मटकीला भुंगा लागलाय, रव्याला जाळी आलीय, असं ती म्हणते तेव्हा तिने तीन निराळ्या किडी बघून ओळखलेल्या असतात. तुम्ही न बघता लिहिलंत. मला राग त्याचा आहे.

भिंग प्रत्येकाला दिलं होतं. ते दप्तरातून बाहेर काढलं असतं तर सोंड दिसली असती. तपकिरी, जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा किडा, पंखांवर चार फिकट तांबूस ठिपके आणि पुढे लांब सोंड. या सोंड्याची मादी दाण्याला सोंडेने खड्डा पाडते, त्यात अंडं घालते आणि वरून चिकट स्रावाने तोंड बुजवते. अळी दाण्याच्या पोटात वाढते, तिथेच कोषात जाते आणि प्रौढ होऊनच भोक पाडून बाहेर पडते. उन्हाळ्यात हे सगळं साधारण महिन्याभरात उरकतं. आता तुमच्या अहवालातला उपाय वाचून दाखवतो: ‘धान्य चाळून घ्यावे.’ चाळलंत, वरचे किडे काढलेत, आणि पुढची पिढी दाण्यांच्या आत जशीच्या तशी डब्यात परत भरलीत. शिवाय चाळलेला केर टाकलात कुठे? अंगणात, कोठीच्या दाराशी. या सोंड्याला चालताही येतं आणि उडताही येतं.

गव्हाच्या बाटलीत बऱ्याच जणांनी दुसराच किडा आणला होता. तांबूस, चपटा, सोंड नसलेला, म्हणजे पिठातला तांबडा भुंगेरा. याला अखंड, निरोगी दाणा सहसा फोडता येत नाही. पीठ, रवा, भुसा, तुटके दाणे हे त्याचं अन्न. मग तो गव्हात दिसला याचा अर्थ काय? गहू स्वच्छ न करता भरला आहे, किंवा दुसऱ्याच कुणीतरी दाणे आधी पोखरले आहेत आणि हा मागून आला आहे. त्या दुसऱ्याला शोधायला हवं होतं. दाण्यांखाली पांढऱ्या पिठाचा थर साचला असेल तर दाणे पोखरणारा छोटा भुंगेरा आहे का, ते बघा. त्याचं डोकं छातीखाली वळलेलं असतं, वरून दिसत नाही. एकानेही बाटलीच्या तळाचं पीठ बघितलं नाही. आणि पिठाच्या डब्याला उग्र वास येत असेल तर तो या तांबड्या भुंगेऱ्यांच्या अंगातून सुटणाऱ्या रसायनांचा असतो. ते पीठ फेकायचं, डबा रिकामा करून, कडा-खाचा घासून, वाळवून मग नवं भरायचं. जुन्या पिठावर नवं पीठ ओतायची सवय आपल्या घराघरांत आहे. ती तुम्ही मोडायची आहे, कारण तुम्ही शिकलात.

मटकी, चवळी, मूग, हरभरा यांच्यावर पांढरे ठिपके दिसतात. दोघांनी त्याला ‘बुरशी’ लिहिलं. ती भुंग्याची अंडी आहेत, दाण्याच्या सालीला चिकटवलेली. दाण्याला वाटोळं, स्वच्छ कापल्यासारखं भोक दिसलं की भुंगा निघून गेलेला असतो. हा भुंगा प्रौढ झाल्यावर साठवलेलं धान्य खात नाही. दहा-बारा दिवस जगतो आणि तेवढ्यात पुढची अंडी घालून मोकळा होतो. डबा घट्ट असूनही भुंगा आला कुठून, असा प्रश्न एका मुलीने विचारला. या सगळ्या कामातला तो एकच खरा प्रश्न होता. भुंगा शेतातून येतो, पिकत्या शेंगांवर अंडी घालून. म्हणून कडधान्य घरी आलं की लगेच वाळवायचं, आणि किलोला पाच मिलिलिटर खाद्यतेल सगळ्या दाण्यांना लागेल असं चोळायचं. अंडी गुदमरून मरतात. भरडून, साल काढून डाळ केली तर भुंग्याला अंडी घालायला जागाच कमी उरते. बायकांनी हे शतकानुशतकं केलं आहे आणि शास्त्र त्यांच्या बाजूने आहे.

तसंच वाळवणाचं. उन्हात पातळ थर, पूर्ण दुपार, मध्ये मध्ये हात फिरवून. दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे; ओलावा दहा टक्क्यांच्या आत आला की बहुतेक किडींची वाढ खुंटते. पण तापलेलं धान्य तसंच डब्यात भरू नका, आतून झाकणाला घाम सुटतो आणि सगळी मेहनत जाते. आधी पूर्ण निवू द्या. कडुनिंबाचा पाला आणि बिब्बे यांना मी नावं ठेवत नाही, वासाने काही किडी दूर राहतात. मात्र दाण्याच्या आत बसलेली अळी त्याने मरत नाही, आणि पाला ओला टाकला तर धान्यच ओलावतं. पाऱ्याच्या टिकड्या आणि तांदळाला चोळलेली बोरिक पावडर मात्र आजच्या आज बंद. पारा विष आहे, बोरिकही पोटात जाण्याची वस्तू नाही. आपण जे शिजवून मुलांना वाढतो, त्यात ते ठेवायचं?

कपड्यांच्या नमुन्यांतही तोच आळस. जे दिसेल त्याला कसर म्हणायचं आणि डांबरगोळी टाकायची. चांदीसारखी चकचकीत, मागे तीन शेपट्या असलेली, उजेड पडताच पळणारी कसर खळ, गोंद, कागद खाते. कपड्याच्या पतंगाला प्रौढपणी खाताच येत नाही. खाते ती त्याची अळी, आणि तिला लोकर, केस, पिसं, रेशीम हवं असतं. केसाळ अळी दिसली तर ती गालिच्याच्या भुंगेऱ्याची. त्याचे प्रौढ फुलांवरचे परागकण खातात, म्हणून ते खिडकीच्या चौकटीत सापडतात. धनगरी घोंगडी घ्या. तिच्यात मेंढीची लोकर आहे आणि ताठपणासाठी दिलेली चिंचोक्याची खळही आहे. म्हणजे पतंगाच्या अळीलाही अन्न आणि कसरीलाही. कोण लागलंय ते बघितल्याशिवाय काय करणार? दोघांसाठी पहिलं काम एकच: घडी मोडणं, झटकणं, ब्रशने शिवणी साफ करणं, ऊन देणं. घामाचे, खाण्याचे डाग असलेला कपडा ट्रंकेत ठेवायचाच नाही. अळ्या तिथेच आधी लागतात. पैठणी असेल तर स्वच्छ मलमलीत गुंडाळा, अधूनमधून घडी बदला. लोकरीचा छोटा कपडा पिशवीत हवाबंद करून शून्याखाली अठरा अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवला तरी काम होतं.

डांबरगोळ्यांबद्दल नीट ऐका. बाळंतविडा, कुंची, दुपटी या गोळ्यांसोबत ट्रंकेत ठेवतात आणि बाळ जन्मलं की काढून तशीच अंगावर घालतात. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थॅलीनने फुटतात, कावीळ होते, आणि ती वाढली तर मेंदूला इजा होते. अशी कमतरता बाळाकडे बघून कळत नाही. म्हणून तान्ह्या बाळाच्या कपड्यांत ही गोळी नाही, म्हणजे नाही. मोठ्या मुलांनाही ती पेपरमिंटसारखी दिसते आणि ती तोंडात टाकतात.

आता सर्वांत गंभीर. एका अहवालात उपाय म्हणून लिहिलं आहे, ‘पोत्यात गोळी ठेवावी’. लिहिणाऱ्याचं नाव मी घेणार नाही, वर्गानंतर मला येऊन भेट. ती गोळी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून हवेतल्या ओलाव्याने सुमारे एक ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. तो हवेपेक्षा किंचित जड असतो आणि फटींतून शेजारच्या खोलीत जातो. वास आला नाही म्हणजे वायू नाही, असं समजू नका. त्याच्यावर उतारा नाही. पोती ठेवलेल्या खोलीत झोपलेली कुटुंबं याने गेली आहेत. ही गोळी वापरण्याची मुभा सरकारी यंत्रणांना आणि परवानाधारक कीडनियंत्रकांना आहे. राहत्या घरात तिला जागा नाही. आणि अर्धवट झाकून, कमी मात्रेत वापरल्यामुळे तांबड्या भुंगेऱ्यात आणि दाणे पोखरणाऱ्या भुंगेऱ्यात तिच्याविरुद्ध प्रतिकारशक्तीही आलेली आहे. म्हणजे माणूस मरतो आणि किडा उरतो.

गावात तुम्हाला शेतकी शिकलेला मुलगा, शिकलेली मुलगी म्हणून विचारलं जाणार आहे. काका विचारतील, शेजारी विचारतील, आणि तुम्ही सांगाल तसं करतील. ही गोळी कुणीही मागितली तरी नाही म्हणा. आणि कुणाच्या घरात ती आधीच पोत्यांत ठेवलेली असेल, तर आत्ता फोन करा: सगळ्यांना घराबाहेर काढा, आत कुणी जायचं नाही, पोत्यांना हात लावायचा नाही. कुणाला मळमळ, धाप, चक्कर असेल तर तडक दवाखाना, आणि डॉक्टरांना गोळीचं नाव सांगायचं.