आवड खरी की नुसती हौस?

॥ श्री गुरुदेव ॥



एका माऊलीने विचारलं आहे, “मुलगी बी.कॉम. झाली. आता बँकेच्या परीक्षा सोडून बेकरीचं काम शिकते म्हणते. तिला काय सांगू?”

सज्जनहो, हा प्रश्न आज घराघरात आहे. गीतेत भगवंतांनी स्वधर्माची गोष्ट काढली आहे, तिसऱ्या अध्यायात आणि पुन्हा अठराव्यात. दुसऱ्याचं काम कितीही छान जमलं तरी आपलं काम, थोडं उणं असलं तरी, जास्त भलं. मग आपलं काम ओळखायचं कसं?

पंडित भीमसेन जोशींचं चरित्र बघा. वडील गदगला शिक्षक. घरात अन्न होतं, शिक्षण होतं. पण अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकली आणि मुलाला गाण्याचा ध्यास लागला. १९३३ साली, अकराव्या वर्षी, तो गुरू शोधायला घर सोडून निघाला. ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालयात शिकला, पुढे पार जालंधरपर्यंत पोहोचला. शेवटी वडिलांनी त्याला तिथे शोधून काढलं आणि घरी आणलं.

बाळांनो, यातून घर सोडून पळायचं शिकू नका हं! शिकायचं ते पुढे आहे. घरी आल्यावरही गाणं सुटलं नाही. १९३६ साली सवाई गंधर्वांनी त्यांना शिष्य केलं. ज्या गुरूसाठी एवढी वणवण केली ते भेटले कुठे? धारवाडजवळच्या कुंदगोळला, घराच्या जवळच! तिथे लगेच मैफल मिळाली नाही. गुरूंच्या घरी पाणी भरलं, पडेल ते काम केलं आणि वर्षानुवर्षं स्वर घोटला. गुरू गेल्यावर त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. २००८ साली भारतरत्न जाहीर झालं, पण ते फार पुढचं. पाण्याची घागर आधी.

आवड आणि हौस यांतला फरक इथेच कळतो. हौसेला टाळ्या दिसतात, आवडीला कष्टही गोड लागतात. बेकरी म्हणजे नुसता सजवलेला केक नव्हे. पहाटे उठणं आहे, भट्टीची धग आहे, न खपलेला माल आहे, उधारी आहे. हे सगळं कळूनही मन तिकडेच ओढ घेत असेल, तर ती ओढ देवाने दिलेली समजा.

धीर म्हणजे डोळे मिटून उडी मारणं नाही. भीती असतेच, तिला सोबत घेऊन रोज एक पाऊल टाकायचं. घरावर कर्ज असेल, आईवडील आजारी असतील, तर नोकरी सांभाळून रोज एक तास त्या कामाला द्या. तेही तपच आहे.

आणि आईवडिलांनो, “लोक काय म्हणतील?” हे आधी विचारू नका. “तू कोणाकडे शिकणार? किती दिवस टिकून राहशील?” हे विचारा. वर्षभराची मुदत द्या, आशीर्वाद द्या. मन मारून केलेल्या कामाचा शीण सगळ्या घराला सोसावा लागतो.

या आठवड्याची साधना: गुरुवारी आरतीनंतर सगळे एकत्र बसा. प्रत्येकाने, आजी-आजोबांनीसुद्धा, मनात राहून गेलेलं एक काम सांगावं. बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकावं.

सर्वांचं कल्याण असो. 🙏