शिक्षेची मुदत

परवा शीव येथील आमच्या घरी एक जुना विद्यार्थी आला. एकोणिसाव्या वर्षी केलेल्या मारामारीबद्दल त्याने तीन महिन्यांची कैद भोगली आहे. आता पस्तिशीत त्याला अमेरिकेत नोकरी मिळत आहे. "सर, व्हिसाच्या अर्जात 'नाही' असे लिहू का?"

तो अर्ज मोठा चिकित्सक. माफी मिळालेला अपराधही विचारतो. आपला १९६७ चा पारपत्र कायदा त्या मानाने उदार. नैतिक अधःपतनाचा अपराध आणि दोन वर्षांची सजा असली, तरी पाच वर्षांनंतर ती आड येत नाही. न्यायाधीश सजा मोजून देतो, प्रश्नाला मात्र मुदत नसते. तथापि पाहुण्याची चौकशी करण्याचा यजमानास अधिकारच नाही, असेही म्हणवत नाही.

१९३० साली येथून जवळच, वडाळ्याच्या मिठागरांवर ज्यांनी कायदा मोडला, त्यांनी आपला तुरुंगवास पुढे अभिमानाने सांगितला. आमच्या विद्यार्थ्याची मारामारी तशी नव्हे. पण ती रागाच्या भरात एका पोराने केली होती. हे खोटे उत्तर एक जाणता गृहस्थ, शांतपणे, माझ्यासमोर बसून लिहिणार होता. शिवाय तेथील कायद्यात अशा खोटेपणास कायमची प्रवेशबंदी आहे.

"घडले तेच लिही," मी म्हणालो. नोकरी माझी जाणार नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे.