करवून घेतलेला केर

गेल्या आषाढातली गोष्ट. सकाळी सहाला मी सामायिकाला बसले. जागा पुंजून आसन घातलं, मुहपत्ती बांधली, पाठ म्हणून ४८ मिनिटांसाठी पच्चक्खाण घेतलं. दहा मिनिटं झाली असतील नसतील, तेवढ्यात हॉललगतच्या पार्किंगमधून घर्रर्र आवाज सुरू झाला. मुलाने महिन्यापूर्वी आणलेली गोल चकती, केर काढणारा रोबो. रात्री मीच त्याला म्हटलं होतं, "पार्किंगमध्ये फार धूळ झालीये रे, उद्या तुझं ते तिथंही फिरव." त्याने मोबाईलवर सहा दहाची वेळ लावून ठेवली आणि झोपून गेला.

सामायिकात विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही, त्यामुळे उठून बंद करणं शक्य नव्हतं. बसून ऐकत राहिले. सामायिक घेताना आपण काय म्हणतो? पापाचं काम मनाने, वाणीने, कायेने करणार नाही आणि करवणार नाही. साधू-साध्वी याच्याही पुढे जातात, त्यांना अनुमोदनाही चालत नाही. आपल्या श्रावक-श्राविकांना निदान दोन तरी पाळायची असतात. मी करत नव्हते हे खरं. पण भिंतीपलीकडे जे चाललं होतं ते करवणंच होतं ना? रात्री सांगितलेलं काम सकाळी माझ्या सामायिकात चालू होतं.

सामायिक पाळून पार्किंगमध्ये गेले आणि चकतीचा डबा उघडला. आमचं कडोदरा म्हणजे सुरत-बारडोली रस्ता आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात ते गाव. चहूकडे कापडाच्या मिली, प्रोसेस हाऊस. दोनदा झाडलं तरी फरशीवरून फिरवलेल्या बोटाला काळं लागतं. डब्यात ती काजळी होती, धाग्यांचा गुंता होता आणि त्या गुंत्यात मुंग्या होत्या. पहिल्या पावसाने शटरजवळच्या भेगेतून पांढरी अंडी तोंडात धरून निघालेली रांगच्या रांग. काही अजून हलत होत्या. बऱ्याच हलत नव्हत्या.

मुलगा म्हणाला, "मम्मी, मशीनला काय कळतं? त्याला कुठे मारायचं होतं?"

त्याचं म्हणणं खोटं नाही. या यंत्राच्या डोक्यावरचा फिरता लेझर भिंतीपर्यंतचं अंतर मोजतो आणि घराचा नकाशा करतो. पोटाखालच्या सेन्सरला पायरी कळते, म्हणून ते खाली पडत नाही. खुर्चीचा पाय कळतो. मुंगी मात्र त्याच्या लेखी धूळच. आणि त्या लेझरला उजेडही लागत नाही, ते मिट्ट काळोखात काम करतं. इथेच मी अडले. आपण रात्रीचं जेवण का सोडतो? अंधारात जीव दिसत नाहीत म्हणून. जे काम दिसल्याशिवाय करू नये असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं, तेच काम न बघता करणारं यंत्र मी घरात फिरवत होते.

उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या केली आहे, तिच्यात नुसतं जीव घेणं नाही, प्रमादाने जीव घेणं आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. आता यंत्र बेसावध होऊ शकतं का? ज्याला मुळात अवधानच नाही, ते ढळणार कसं? मग प्रमाद उरतो तो वेळ लावणाऱ्याचा आणि लावायला सांगणारीचा. यंत्र निर्दोष आहे, म्हणूनच दोषाला माझ्याशिवाय दुसरं घर नाही.

कोणी म्हणेल, गृहस्थाला एवढं कसं जमेल? खरं आहे. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणं यांत होणारी आरंभी हिंसा आपल्याला टळत नाही. गृहस्थाने सोडायची ती संकल्पी, ठरवून केलेली. पण आज मला ठाऊक आहे की शटरजवळ वारूळ आहे. उद्या ते माहीत असून मी बटण दाबलं, तर ते आरंभीत किती आणि संकल्पीत किती? या प्रश्नावर मला स्वतःला सूट देता येत नाही.

केर काढण्याची आपली रीतच मुळी निराळी होती. पौषध करणारे आणि साधू-साध्वी काजो काढतात, तो आठवा. दंडासनाने हळुवार पुंजायचं, गोळा झालेला कचरा नीट निरखायचा, जीव असेल तर अलगद बाजूला करायचा आणि मग सावलीत परठवायचं. गुजरातच्या जुन्या पांजरापोळींत तर जीवातखाना असायचा. घरोघरचा केर, त्यातल्या किड्यांसकट, लोक तिथे आणून टाकत, कारण केर म्हणजे नुसता कचरा नाही, त्यात कोणीतरी राहतं, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. आज हसू येईल, पण केराकडे बघण्याची ती नजर हसण्यासारखी नाही.

आणि मी? मी तरी कुठे बघत होते? बारा वर्षं आमच्याकडे केर काढायला मावशी येतात. त्या आमच्याच खानदेशातल्या. तेही करवणंच होतं, फक्त त्याचा कधी घर्रर्र आवाज आला नाही म्हणून मला ते ऐकू आलं नाही. एकदा पार्किंगचा एक कोपरा झाडायचा राहिला म्हणून मी त्यांना बोलले, तर त्या म्हणाल्या, "ताई, तठे मुंग्या शेतस, सकाय झाडसू." मला वाटलं, कामचुकारपणा. त्यांनी आयुष्यात सामायिक केलं नाही, समितीचं नावही ऐकलं नाही. पण जयणा त्यांच्या हातात होती आणि माझ्या पुस्तकात. कोणाकडून काम करवलं तरी त्या माणसाचे डोळे आपल्याला मिळतात. चकतीकडून करवलं की डोळे आपल्यालाच न्यावे लागतात.

म्हणजे चकती परत करायची? तसं मी म्हणणार नाही. ज्यांनी पलंगाखाली वाकून कधी केर काढला नाही, त्यांना हे म्हणणं सोपं आहे. आपल्या आई-सासूच्या कमरा कशाने गेल्या, ते आपण जाणतो. माझे गुडघेही आता तेच सांगतात. शिवाय स्वच्छता हीसुद्धा अहिंसाच आहे. खरकटं पडू दिलं नाही तर मुंगी येत नाही, ओल साचू दिली नाही तर जीवोत्पत्ती होत नाही. १९९४ च्या प्लेगची सुरत ज्यांना आठवते, त्यांना घाणीची किंमत वेगळी सांगायला नको. त्या घाणीपायी माणसं गेली आणि उंदीरही गेले.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. मोबाईलवर वेळ लावायची नाही, उजाडल्यावर समोर उभं राहूनच सुरू करायचं. त्याआधी पुंजणी घेऊन कोपरे आणि उंबरे बघायचे. पार्किंगमध्ये पावसाळाभर चकती नाहीच, तिथे मावशींचा झाडू. त्यांचं काम कमी करायचं मुलाच्या मनात होतं, ते मी होऊ दिलं नाही. डबा दुपारी न उघडता लगेच उघडायचा आणि निंबाच्या सावलीत, निरखून, रिकामा करायचा.

या बघण्याला रोज दहा-बारा मिनिटं जातात. मुलगा म्हणतो, मग मशीन आणून वाचलं काय? मी म्हणते, कंबर वाचली.

त्या दिवशीच्या मुंग्यांना मिच्छामि दुक्कडं म्हटलं, दुसऱ्या दिवशी एकासणा केला. तेवढ्याने हिशेब मिटला असं वाटत नाही. सामायिकाला बसण्याआधी हल्ली मी आसन पुंजते, मुहपत्ती बांधते आणि घरात कुठे काही माझ्या नावाने चालू तर नाही ना, म्हणून क्षणभर कान देते.